उणे उशीर

दुपारी मला शस्त्रक्रियेसाठी पणजीला न्यायला गाडी यायची होती. काम हृदयाचं. वाचायची खात्री किती, असं विचारल्यावर डॉक्टर छताकडे बघू लागले आणि मी काय ते समजलो.

तोवर कर्नलमधलं काम संपवायचं, हा माझा हट्ट. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. हा शहाणा माहितीचं प्रत्येक पॅकेट पोचवायला नेटवर्क कार्डाकडे वेगळी खेप घालायचा. फेरीबोट अशी एकेका उतारूसाठी सुटली तर आमचे पेडण्याचे लोक तिच्या कप्तानाला नदीत ढकलतील. मी पॅकेटं गोळा करून एकदम चढवायला लावली, मधल्या रांगा मोडल्या. माहिती पलीकडे पोचायला लागणारा उशीर घटत गेला.

मी केरीला, नदीपलीकडे तेरेखोलला आत्याच्या घरात माझा मुलगा स्वप्नील. तिथला कॅमेरा जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, रोखलेला; माझ्या पडद्यावर जनेलात बसलेला तो आणि मागची नदीची पायरी दिसत होती.

"बाबा, आतां पुरो करात. बॅग भरली?"

"तू उशिराचे आकडे सांग."

उशीर शून्यावर आला. मग आकड्याआधी उणे चिन्ह लागलं. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसली की असं होतं. मी ती जुळवली, चिन्ह हललं नाही.

"ना बाबा, अजून जेवंक ना," स्वप्नील म्हणाला.

'जेवलास का?' हे माझ्या ओठांवर होतं. मी अजून बोललो नव्हतो.

हसू आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बाहेर पाहिलं. पलीकडच्या जनेलात स्वप्नील बसलेला दिसत होता. पडद्यावरचं जनेल रिकामं होतं.

उणे आकडा दहा दिवसांवर जाऊन पोचला होता. पडद्यावर पायरीशी माणसं जमली होती. माझा भाऊ अनंत, आत्या. पाण्यातून स्वप्नील वर आला. ओला पंचा, डोक्याचं मुंडण. त्याने दर्भावर भाताचा पिंड ठेवला आणि हात जोडून माडावरच्या कावळ्यांकडे पाहिलं.

या प्रकाराला मी जन्मभर हसलो होतो. आता मी पडद्याला नाक लावून कावळे बघत होतो.

"बाबा, आवयक हांव सांबाळटलों."

आईला सांभाळायचं वचन ऐकून कावळे हलले नाहीत.

"तुमचें काम हांव पुराय करतलों."

एकही शिवेना.

"आनी कितें उल्लां काय? याद कर," अनंत म्हणाला.

काय उरलं होतं ते मला ठाऊक होतं. मला जगायचं होतं. दुसरं काही नको होतं, ते कर्नलचं कामही नको होतं.

"स्वप्नील!" मी ओरडलो.

पडद्यावर तो वळला. जनेलापाशी आला, थेट कॅमेऱ्यात पाहत हळू आवाजात म्हणाला,

"बाबा, त्या दिसा तुमकां वचपाचें नाशिल्लें, न्हय?"

मला जायचं नव्हतं, हे त्याने म्हणताच त्याच्यामागे कावळा खाली पिंडावर झेपावला.

"अहो, गाडी आयली," सिंधू दारातून म्हणाली. बायकोच्या हातात माझी बॅग होती.