जाळली दोघांनी

इरावतीने अजिंक्यला पहिली हाक मारली ती "भैया" अशी, आणि त्याचा तिला पुढे फार पस्तावा झाला.

सिहोऱ्याजवळच्या त्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातली एक वनचौकी आहे. वर जाणाऱ्याने चुलीसाठी लाकडं न्यायची, आणि जाळली तेवढी परत ठेवायची, हा तिथला रिवाज. आणि हा उंच, चष्मेवाला प्राणी खुशाल रिकाम्या हातांनी निघालेला! "भैया, लाकूड काहून नाही घेतलं?" म्हणत तिने आपल्या मोळीतली थोडी त्याच्या हाती कोंबली. पुण्याहून जबलपुरात आलेला बँकेतला अधिकारी, शहरात ओळखीचं कोणी नाही. मग हिवाळाभर दर रविवारी तो पायथ्याशी लाकडं घेऊन उभा असायचा... तिची वाट बघत, पण तसं न दाखवता.

आज अर्ध्या वाटेत मावठ्याने गाठलं. बरोबरची लाकडं चिंब भिजली. दोघं पळत चौकीत शिरली आणि कोपऱ्यातली कुणीतरी ठेवलेली सुकी लाकडं पेटवून चुलीपुढे बसली. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्याने आपला मफलर पुढे केला.

"माझी पुण्याला बदली झालीये," तो म्हणाला. "मीच मागितली होती... आल्या आल्या. घ्यायची की नाही, ते उद्या कळवायचंय."

थांबा म्हणावं, तर कोणत्या नात्याने? इरावती नुसती राख उकरत राहिली.

पाऊस थांबला. निघताना त्याने भिजलेली मोळी कोपऱ्यात ठेवायला उचलली. "ही ठेवली तर पुढच्यांना नुसता धूर होईल."

"मग पुढच्या रविवारी सुकी आणून द्यावी लागतील."

"पुढच्या रविवारी मी –"

"जाळली दोघांनी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी एकटीने काहून आणू?" आणि मग तिने सांगूनच टाकलं. "नका जाऊ नं, अजिंक्य. मला करमणार नाही."

तो मोळी खाली ठेवून तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "मलाही नाही करमणार. उद्या नाही म्हणून कळवतो. पण एक अट आहे... पुन्हा भैया म्हणायचं नाही."

"एकदाच तर म्हटलं होतं जी."

"तेवढं पुरे झालं."

पुढच्या रविवारी दोघांनी इतकी सुकी लाकडं वर नेली, की बाकी कुणी हिवाळाभर नेली नसती तरी चाललं असतं. ती दोघं मात्र नेतच राहिली.