छातीवर हात ठेवून

“शेवटची ओळ वाचा,” बिट्टी म्हणाली.

घरात तिला बिट्टी म्हणत, चष्म्याच्या दुकानातही तेच नाव चिकटलं होतं. डोळे तपासायला आलेली माणसं शेवटच्या ओळीला हमखास थापा मारतात, हा तिचा चार वर्षांचा अनुभव. दिसत काही नसतं, पण आव असा, की अक्षरं यांनीच छापलीत! समोरचा लिफ्टदुरुस्तीवाला मात्र थबकला. कपाळाला बोट लावून म्हणाला, “हा... ‘र’ असावा.”

बिट्टीच्या हातातली काच निसटता निसटता राहिली. “तुम्ही — काकांच्या वर्गातले?”

“बुधवारच्या. तुम्ही?”

“शनिवारच्या!”

काका म्हणजे कोर्टातले निवृत्त लघुलेखक. तीस वर्षं शपथेवरच्या थापा टिपून वैतागले आणि त्यांनी स्वतःच एक भाषा रचली. तिच्यात काहीही बोला, पण कुठून कळलं ते दाखवायचंच. पाहिलं असेल तर डोळ्याला बोट, ऐकलं असेल तर कानाला, अंदाज असेल तर कपाळाला. आणि पुरावा नाही, पण मनापासून वाटतंय, तर छातीवर हात. “माणूस काय बोलतो ते नंतर. आधी तो कुठे उभा राहून बोलतो ते कळू दे,” काका म्हणत. ती भाषा बोलणारे मोजून सव्वीस जण. लोक हसायचे. हसू देत!

तो चष्मा न्यायला आला. मग दांडी सैल झाली म्हणून आला, मग काहीच सैल नसताना आला.

“छान दिसतेस,” एकदा डोळ्याला बोट लावून म्हणाला.

“चष्म्याशिवायसुद्धा?”

“चष्म्याशिवाय... कपाळाला बोट लावावं लागेल.”

“चल, आगाऊ!” ती म्हणाली खरी, पण गाल तापलेच.

या चकरा दादाच्या कानावर गेल्या आणि घरी त्याने फर्मान काढलं. “त्या पोराचं ठरलेलं लग्न मोडलंय. फसवा आहे तो. रविवारी पाहुणे येतायत, मुकाट्याने हो म्हणायचं.”

“फसवा आहे हे पाहिलंस की ऐकलंस?”

“लोक म्हणतात!”

“मग कानाला बोट लाव आणि पुन्हा म्हण.”

“ती खुळचट भाषा माझ्यापुढे नको!”

बिट्टीने दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याला सरळ विचारलं.

“हो, मीच मोडलं,” तो म्हणाला. “घरचे म्हणाले, तिला ‘आवडतेस’ म्हणून टाक, होईल सवय. मला ते म्हणवलं नाही.”

“आणि मला का नाही म्हणत?”

“तुझा दादा...”

“घाबरट! शनिवारी वर्गावर ये.”

दादालाही तिनेच बोलावलं. म्हटलं, बघ तरी माझी खुळचट भाषा!

वर्गात एक फळा होता. छातीवर हात ठेवून बोललेलं त्यावर नावासकट लिहायचं, आणि मत बदललं तर सगळ्यांसमोर स्वतःच पुसायचं, हा काकांचा दंडक. म्हणून लोक जपून लिहीत. ‘माझी सासू मनाने वाईट नाही,’ असं एकाने लिहिलं होतं, तेही बारीक अक्षरात. बिट्टीने त्याच्याखाली ठसठशीत लिहिलं, ‘लग्न करीन तर लिफ्टवाल्याशीच.’ खाली नाव.

“पूस ते!” दादा ओरडला.

“माझं वाक्य मीच पुसायचं. आणि मी पुसणार नाही.”

“उद्या पस्तावलीस तर?”

“तर ‘चुकले’ असं इथेच लिहीन, माझ्या हाताने. पण दादा, तुझ्या पसंतीचा वाईट निघाला, तर तू कुठे लिहिशील?”

 

मागच्या बाकावरून लिफ्टवाला उठला. खडू दोनदा मोडला. पण त्याने लिहिलं — ‘मला ही आवडते. हिच्या घरच्यांनी नाही म्हटलं तरी.’ मग छातीवर हात ठेवून तो दादासमोर उभा राहिला.

दादाने दोन्ही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

“पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतो,” तो म्हणाला. मग लिफ्टवाल्याकडे वळला. “पण तू हे पुसलंस ना, तर गाठ माझ्याशी आहे!”