दोन्हीकडे एक्केचाळीस

“सिस्टर, यादीतलं एकही यंत्र सापडत नाहीये.”

गुरुवारची सकाळ होती. वॉर्डच्या टेबलासमोर उभा राहून एक उंच, सडपातळ तरुण हे म्हणाला, तेव्हा ती ट्रेमध्ये दहाच्या गोळ्या लावत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, “कोणतं सापडत नाहीये?”

“पहिलं. ‘मोठं शहर, अठ्ठेचाळीस हजार. तक्रार : घरभाडं जीवघेणं.’ दुसरं, ‘बंदर, पंचेचाळीस. तक्रार : दमट हवा, आईचे गुडघे.’ तिसरं…”

तिसरं वाचायच्या आत तिनं कागद त्याच्या हातातून हिसकावून घेतला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून चार्ट भरणाऱ्या बाईनं सकाळी पाळी बदलताना आपला खासगी कागद खराब यंत्रांच्या फाइलला लावावा, आणि खरी यादी स्वतःच्या पर्समध्ये कोंबावी, याला काय म्हणायचं?

बरं, कागदही असा, की बघणाऱ्याला तो वॉर्डातलाच वाटावा. चार्टच्या छापील कागदाशिवाय तिला विचारच करता येत नसे. तीन शहरांतून नोकरीची पत्रं आली, तेव्हा तिनं तिघांना तीन खाटांवर झोपवलं, नाव, तक्रार, इलाज असे रकाने आखले आणि नाडीच्या ठोक्यांच्या जागी पगार लिहिले. इथे, या लहानशा हॉस्पिटलात, चार वर्षांत तिचा पगार बावीस हजारांवर जणू भूल दिल्यासारखा पडून होता. घर म्हणजे एक खोली. त्यात ती, आई आणि आईचं शिलाई मशीन. नव्या नोकरीच्या गावी आईही सोबत येणार होती. मात्र तिन्ही पत्रांत एक कलम सारखं होतं : दोन वर्षांचा करार. निवड चुकली तर दोन वर्षं मूग गिळून बसायचं. आणि उत्तर कळवायचं ते दोन आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारी दुपारपर्यंत.

“दुसऱ्याचे कागद वाचू नयेत, हे शिकवलं नाही का कुणी तुम्हाला?” ती म्हणाली.

“खराब यंत्रांची यादी वाचण्याचाच पगार मिळतो मला.” तो हसला. हसताना त्याचा एक गाल जास्त हसायचा. “या तिन्ही हॉस्पिटलांची यंत्रं मीच दुरुस्त करतो. म्हणून सांगतो… मोठ्या शहरात बसभाडं धरलं नाहीत तुम्ही. परवडणारं घर हॉस्पिटलपासून दीड तासावर. महिन्याचे तीन हजार तिथेच गेले.”

बसभाडं खरंच राहिलं होतं. राग यावा, तर माणूस मुद्द्याचं बोलत होता, आणि मुद्द्याचं बोलणाऱ्या माणसावर तिला आजवर कधी नीट रागावता आलं नव्हतं.

“आणि घरभाडं किती धरू?” शेवटी तिनं विचारलं.

“बारा. तेही खिडकी असलेली खोली हवी असेल तर.”

अठ्ठेचाळीसमधून पंधरा गेले, तेहतीस उरले. तिनं तिथल्या तिथे आकडा खोडला. पत्रं आल्यापासून ज्या शहराच्या नावानं आईच्या तोंडाला पाणी सुटत होतं, ते शहर एका मिनिटात अतिदक्षता विभागात गेलं.

तो रक्तदाबाची दोन यंत्रं काखेत मारून निघाला. दारातून वळून म्हणाला, “बंदराची फेरी सोमवारी आहे. बघून येऊ का, काय परिस्थिती आहे ते?”

“मी कुठे म्हटलं बघा म्हणून?”

“नाही म्हटलंत. मग बघून येतो.”

सगळा वॉर्ड त्याला मशीनवाला म्हणत असे. आधीचा म्हातारा मशीनवाला निवृत्त झाला आणि कंपनीनं याला पाठवला. याची ही पहिलीच फेरी होती, एवढं तिला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरकडून कळलं. मोठ्या सिस्टर म्हणजे तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्यांच्या नजरेतून सलाइनचा एक थेंबही सुटत नसे. “अगं, मागच्या मशीनवाल्याला तू चार वर्षांत एकदा तरी पाणी विचारलं होतंस का?” त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. तिनं याला पाणी विचारलं होतं, आणि वर दोन बिस्किटंही दिली होती. तिनं ऐकू न आल्यासारखं करून बँडेज गुंडाळायला घेतलं.

पुढच्या गुरुवारी तो आला तो खिशातून घडी घातलेला कागद काढतच. बंदराच्या हॉस्पिटलचा त्यानं अक्षरशः पंचनामा केला होता. नर्सेसना राहायला आवारातच खोली, भाडं चार हजार, आईला सोबत ठेवता येतं. खोली पहिल्या मजल्यावर, पायऱ्या चौदा, कठडा मजबूत. अतिदक्षता विभागात दोन रुग्णांमागे एक नर्स. मेट्रन तापट, पण पगार एक तारखेला. हवा दमट आहे, मात्र खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत.

“पायऱ्या मोजल्यात?” तिनं विचारलं.

“तुमच्या चार्टवर गुडघे होते ना.”

त्यानं हे अगदी सहज सांगितलं. चार माणसांत आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला तर तेल कोणतं लावावं हे सगळे सांगत. उठून पायऱ्या मोजायला आजवर कुणी गेलं नव्हतं. खिडकीबाहेर बारीक भुरभुर चालू होती, वॉर्डात स्पिरिटचा वास होता, आणि तिच्या मनात आलं, याचे केस पुढून भिजलेत, टॉवेल द्यावा का? मग स्वतःलाच बजावलं : बाई, हा मशीन दुरुस्त करायला आलाय.

टॉवेल दिलाच.

“आणि नदीकाठचं?” तिनं विचारलं. यादीतलं तिसरं शहर. पगार बेचाळीस.

त्यानं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. केस पुसायला त्याला बराच वेळ लागला. “ते… त्याचंही लिहिलंय. मागच्या बाजूला. घरभाडं नऊ हजार. वीस रुग्णांमागे एक नर्स. खास काही नाही. बंदर घ्या तुम्ही, सिस्टर. पंचेचाळीसमधून चार गेले, एक्केचाळीस हातात. नदीकाठी तेहतीसच उरतात.”

“तुम्हाला माझ्या जाण्याची फारच घाई दिसते.”

“मला?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा एकही गाल हसला नाही. “बंदराला माझी फेरी महिन्यातून एकदाच असते, सिस्टर.”

असं म्हणून तो गेला. त्या वाक्याचा काय अर्थ लावायचा, हे तिला दिवसभर कळलं नाही. दोन रुग्णांना तिनं एकच प्रश्न दोनदा विचारला.

रविवारी तिनं आईला कागद वाचून दाखवला. आईनं सुईत दोरा ओवता ओवता सगळं ऐकलं आणि म्हणाली, “चौदा पायऱ्या म्हणतो ना तो? मग जाऊ की बंदराला. पण हा मुलगा आहे तरी कोण?”

“मशीनवाला आहे, आई.”

“माझंही मशीन अडकतंय हो मधूनमधून,” आई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

ती हसली, पण तिची नजर कागदाच्या मागच्या बाजूवर अडली होती. बंदराच्या बाजूला खिडक्या, कठडे, मेट्रनचा स्वभाव, सगळं होतं. नदीकाठच्या बाजूला नुसते दोन गोल आकडे. वॉर्डात चार वर्षं काढलेल्या बाईला असे आकडे लांबून ओळखू येतात. ज्या चार्टवर सहाही वेळेला ताप अगदी एकसारखा असतो, तो चार्ट कुणीतरी खुर्चीत बसून भरलेला असतो. तिथे थर्मामीटर गेलेलाच नसतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं नदीकाठच्या हॉस्पिटलला सरळ फोन लावला. मेट्रनबाई मोठ्या बोलक्या निघाल्या.

“नऊ हजार? कुणी सांगितलं तुला, बाळ? पाच हजारांत दोन खोल्या मिळतात इथे. आणि वीस रुग्ण? आमच्याकडे सहामागे एक नर्स आहे. शिवाय रात्रपाळीचा भत्ता दोन हजार वेगळा. तो पत्रात लिहायचा राहिला बघ.”

“मला… तुमच्याकडच्या मशीनवाल्यांनी सांगितलं.”

“आमच्या? अगं, तो तर हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत राहतो. त्याच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तळमजल्याला तो. चांगला भाडेकरू बघा म्हणून गेल्याच महिन्यात घरमालकासाठी माझ्याकडे येऊन गेला. त्याला भाडं माहीत नाही असं कसं होईल?”

तिनं फोन ठेवला. तो नदीकाठी राहतो, हे त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. ती धरून चालली होती, की कंपनीची गाडी हेच त्याचं घर.

गुरुवारी तो यंत्रांच्या खोलीत रक्तदाबाच्या यंत्राचा काटा शून्यावर आणत बसला होता. तिनं आत जाऊन दार लोटलं आणि कागद त्याच्यासमोर ठेवला.

“हे रीडिंग खोटं आहे.”

त्यानं कागदाकडे पाहिलं. हातातला बारीक स्क्रू ड्रायव्हर हळूच खाली ठेवला. “हो.”

“का लिहिलंत?”

“तुम्ही तिथे यावं असं मला पहिल्याच गुरुवारी वाटलं म्हणून.”

“मग चांगलं लिहायचं. वाईट का?”

“तेच तर…” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “नदीकाठचं जे जे लिहायला घेतलं, ते मलाच गोड वाटायला लागलं. नदीवरचा वारा लिहिला, खोडला. वाटलं, काट्याला माझं बोट लागतंय. तुमच्या दोन वर्षांचा प्रश्न, आईचे गुडघे… म्हणून काटा उलट्या बाजूला ढकलला. जरा जास्तच ढकलला.”

“म्हणजे मी कुठे जायचं ते तूच ठरवलंस. मला न विचारता.”

रागाच्या भरात ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली होती, आणि हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिनं जीभ चावली. पण माघार घ्यायची ही वेळ नव्हती.

“चांगुलपणानं ठरवलंस, तरी तूच ठरवलंस,” ती म्हणाली. “माझा चार्ट मला खरा हवा होता. बाकी मी बघितलं असतं.”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. त्यापुढे एक अक्षरही जोडलं नाही. सबबी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, तिला मनसोक्त चिडता तरी आलं असतं.

ती बाहेर आली. तिला लाज वाटत होती ती याची, की सगळ्या भांडणातलं एकच वाक्य तिच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत होतं. पहिल्याच गुरुवारी.

शुक्रवारी तिनं नवा चार्ट आखला. बंदर एक्केचाळीस. नदीकाठ : बेचाळीसमधून पाच गेले, सदतीस. भत्त्याचे दोन, एकोणचाळीस. दोन हजारांचा फरक. दोन हजार म्हणजे आईची औषधं. प्रेमाखातर ते सोडून द्यायला ती काही दूधखुळी नव्हती, आणि प्रेमात दोन हजार सोडले म्हणून पुढे कुणाला ऐकवत बसणाऱ्यांतलीही नव्हती. तिनं नदीकाठच्या मेट्रनना पुन्हा फोन लावला. बंदराचं पत्र हातात आहे हे सांगितलं, चार वर्षांचा अनुभव सांगितला, आणि आवाज जराही न कापू देता दोन हजार वाढवून मागितले. पलीकडे कागदांची सळसळ झाली. “घासाघीस छान करतेस गं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मला तशीच मुलगी हवी. उद्या सकाळी लेखी पाठवते.”

शनिवारी अकरा वाजता तो आला. शनिवार त्याचा वार नव्हता. हातात हत्यारांची पेटीही नव्हती, फक्त एक कागद होता. ती चहाला म्हणून मागच्या व्हरांड्यात आली होती. तो दोन हात अंतर राखून उभा राहिला.

“खरा चार्ट आणलाय,” तो म्हणाला. “भाडं, भत्ता, पायऱ्या, सगळं. डास आहेत, तेही लिहिलंय. उशीर झाला असेल, पण… निदान खरा.”

तिनं कागद घेतला आणि न वाचता कपाखाली ठेवला.

“त्यांनी दोन हजार वाढवले,” ती म्हणाली. “आता बंदर एक्केचाळीस, नदीकाठ एक्केचाळीस. दोन्हीकडे एकच आकडा आहे. कुठे जाऊ?”

“ते… तुमचं तुम्ही ठरवायचं. परवाच तर…”

“विचारलं नव्हतं, तेव्हा ठरवलंस. आता विचारतेय, तर बोलत नाहीस?”

व्हरांड्यात धुतलेल्या चादरी वाळत होत्या. एक चादर वाऱ्यानं फुगली आणि खाली बसली. त्यानं घसा साफ केला, तिच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. अकरा हॉस्पिटलांतली यंत्रं बोलती करणारा माणूस एका वाक्यासाठी घामाघूम झाला होता.

“नदीकाठी ये,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. आईंना घेऊन ये. वरच्या खोल्यांत राहा, नाहीतर दुसरीकडे कुठेही राहा, पण… माझ्या गावात ये.”

तिचा चहा केव्हाच निवला होता. तरी तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. हसू लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

“नऊ वाजताच होकार कळवलाय मी नदीकाठाला,” ती म्हणाली.

“मग मला कशाला विचारलंस?”

“पगाराचं त्यांच्याकडून लेखी घेतलं,” ती म्हणाली. “तुझ्याकडून तोंडी तरी हवं होतं.”