विरुद्ध बाजूची स्वप्नाली

"छापा!" निकेत ओरडला. नाणं फरशीवर आपटून दोनदा उडालं आणि छापाच पडला.

"म्हणजे मुलांचा बचाव निकेतकडे आणि आरोप सिद्ध करायचा स्वप्नालीने!" स्वातीताईंनी जाहीर केलं.

त्या हे इंग्रजीत म्हणाल्या. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीच्या हॉलच्या दारावर पाटीच होती: आत पाऊल टाकलं की इंग्रजी! मोडकंतोडकं चालेल, पण इंग्रजीच. सुट्टीभर दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चार ते सहा तिथे स्वातीताईंचा वादविवादाचा वर्ग भरे. कोणत्या बाजूने बोलायचं ते नाणं ठरवी, आणि वाट्याला आलेली बाजू मनापासून मांडावी लागे.

आजचा विषय मुलांनी सोसायटीच्या फलकावरून उचलला होता. सेक्रेटरी जितेंद्रकाकांनी नोटीस लावली होती: 'वर्गाची मुले हॉलमधील नळ उघडा ठेवतात. त्यामुळे वर्गाच्या दिवशी तळटाकी रिकामी होते. रविवारपासून वर्ग बंद.'

स्वप्नालीने नोटीस दोनदा वाचली होती. जूनमध्ये आठवीला तिचं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू होणार होतं. दोन आठवड्यांपूर्वी ती या दाराबाहेरूनच परत फिरली होती. आता कुठे चारचौघांत चार वाक्यं बोलता येऊ लागली होती, आणि वर्गच बंद?

"ताई, मी आपल्याच विरुद्ध कशी बोलू?"

"खरोखर पटवायचंय असं समजून बोल. शुक्रवारी पाच वाजता मी कमिटीलाही बोलावलंय."

सहा वाजता बाहेर पडताच स्वप्नाली, निकेत आणि हिना या तिघांनी मराठीत श्वास घेतला!

"अरे यार, आपणच चोर, आणि तेही इंग्लिशमध्ये सांगायचं!" हिना फणकारली. ती नया नगरहून रिक्षाने येई. "आणि कमिटीतल्या त्या आंटी काय म्हणाल्या, ऐकलं ना? बाहेरची मुलं आली की असंच होतं!"

"नळ आपून बंदच करतो गो! मी सोता बगितलाय," निकेत म्हणाला. तो जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला. चिडला की घरची बोली आपोआप ओठांवर येई.

"'करतो' म्हणून भागणार नाही, पुरावा लागेल," स्वप्नाली म्हणाली. "मला तर आपल्याला दोषी ठरवायचंय! हिना, घड्याळ काढ. निकेत, बादली!"

तिघं पुन्हा हॉलमध्ये शिरली. तिथला नळ पूर्ण सोडला, तरी वीस लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागली. स्वप्नालीने हिशेब मांडला आणि तिचा चेहरा पडला. "दोन तासांत सहाशे लिटर. तळटाकी दहा हजारांची आहे!"

"म्हणजे तू हरलीस!" निकेतने टाळी वाजवली.

"थांब रे! पाणी वर्गाच्याच दिवशी संपतं, हे तर खरं आहे ना? मग इतर दिवशी इथे काय वेगळं होतं?"

गुरुवारी तिघं चार वाजता जिन्याखाली दबा धरून बसली. जितेंद्रकाका आले. वॉचमन महिपत महिनाभर गावी गेल्यापासून पंप तेच पाहत, आणि पंपाचा बोर्ड हॉलमध्येच होता. त्यांनी पंप सुरू केला, खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. अर्ध्या तासाने गच्चीवरची टाकी भरली असेल अशा अंदाजाने ते उठले, पंप बंद केला आणि कुलूप लावून निघून गेले.

शुक्रवारीही त्यांनी चारला हॉल उघडला, पंप सुरू केला. तेवढ्यात मुलांचा घोळका आला. "गुड आफ्टरनून, अंकल! हाऊ आर यू?" काका कसनुसं हसले, पेपर काखेत मारून बाहेर पडले आणि दारातल्या पाटीकडे एकदा पाहून जिना चढून गेले. त्यांची ती पाठ स्वप्नालीला ओळखीची वाटली. दोन आठवड्यांपूर्वी ती स्वतः अशीच परत फिरली होती!

पावणेपाचला निकेत इमारतीला वळसा घालून धापा टाकत आला. "गच्चीवरची टाकी भरून मागच्या भिंतीवरून धो धो पानी चाललंय! गटारात!"

"पंप बंद करूया?" हिनाने विचारलं.

"आधी मोठ्यांना दाखवू. पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे," स्वप्नाली म्हणाली, पण नजर चुकवून.

पाचला कमिटी येऊन बसली. अध्यक्ष मनोरमाबाई पुढे होत्या, जितेंद्रकाका सगळ्यांत मागे. स्वप्नाली उठली. पहिलं इंग्रजी वाक्य तिने अर्ध्यावर सोडलं. दुसरं निघालं.

"माझी बाजू अशी की वर्गामुळे पाणी जातं. नळाने नाही, तो दोन तासांत सहाशे लिटरच देतो. तरी वर्गामुळेच जातं. पंपाजवळ बसणाऱ्या माणसाला आमच्या पाटीने बाहेर काढलं. इथे इंग्रजीच बोलायचं, म्हणून तो आत बसत नाही. मीसुद्धा पहिल्या दिवशी आले नव्हते. मागच्या भिंतीकडे चला. मग ठरवा."

सगळे मागे धावले. भिंतीवरून पाणी कोसळत होतं. निकेतने पळत जाऊन पंप बंद केला.

"जितेंद्र, हे काय?" मनोरमाबाईंनी विचारलं.

काका मागून पुढे आले. "मुलं बोलायला लागली की मला उत्तर सुचत नाही, बाई. फजिती नको म्हणून पंप बंद करायला वर्ग सुटल्यावरच यायचो. थोडा जास्त चालला पंप तर काय बिघडतं, असं वाटलं. बेसिन ओलं दिसलं आणि दोष पोरांवर ढकलला. चुकलं माझं."

"आमचंही चुकलं. बाहेरची मुलं म्हटलं, की आपण चौकशीच करत नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. मग त्या स्वप्नालीकडे वळल्या. "स्वतःवरचा आरोप इतक्या प्रामाणिकपणे तपासणारी माणसं आमच्या कमिटीतही नाहीत! वर्ग सुरू राहील."

"तो सुरू राहीलच," स्वातीताई म्हणाल्या, "पण निकेत धापा टाकत आला तेव्हापासूनची ती पंधरा मिनिटं? बाजू जिंकायला तेवढं पाणी वाहू दिलंत ना?"

तिघांनी माना खाली घातल्या. तेही खरंच होतं.

सोमवारी काका दाराशी आले तेव्हा कुणीही त्यांना घेरलं नाही. स्वप्नालीने फक्त पंपाजवळची खुर्ची सरकवली. विषय होता, सुट्टीत अभ्यास असावा की नसावा. निकेत अभ्यासाच्या बाजूने तावातावाने बोलत होता.

"नो!" मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला, बोट वर करून मुलांना थांबायला सांगितलं आणि पुढचा शब्द शोधू लागले. मुलं थांबली.