तक्रार नसलेले मालक

‘वारू’ गाडी सेकंड हँड घेणाऱ्यांची तक्रार एकच होती, पण ती प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहिली होती. साताऱ्याच्या एका वकिलांचं म्हणणं होतं की ब्रेकवर पाय पडायच्या आतच गाडी थांबते. नाशिकच्या एका बाईंनी सरळ लिहिलं होतं, “गाडीच्या अंगात येतं.” आळंदी फाट्यावर रोपवाटिका चालवणारे गजानन थिटे तीनदा लिहून थकले होते आणि आज सकाळपासून चाकणच्या कारखान्यात, खाली स्वागतकक्षात ठाण मांडून बसले होते.

मंजिरी काळोखे तक्रार विभागाची प्रमुख. लोक ज्या आवडीने कादंबऱ्या वाचतात त्या आवडीने ती तक्रारी वाचायची. एसीला कुबट वास येतो, मागचं दार खडखडतं, हे तर या आकाराच्या कुठल्याही जुन्या गाडीत असतंच. ब्रेकची तक्रार मात्र फक्त वारूची होती, आणि तिच्यावर आजपासून उपायही सुरू झाला होता. वारू गाड्या परत मागवून त्यांच्या ब्रेकच्या संगणकाची स्मृती पुसायची होती. बाकीच्या केंद्रांवर उद्यापासून काम होतं. चाकणला पहाटेच कर्मचाऱ्यांच्या चाळीस गाड्या उरकल्या होत्या. एक्केचाळिसावी गाडी आप्पांची, म्हणजे मंजिरीच्या वडिलांची. रांगेत पहिलं उभं राहायची त्यांची जुनी खोड. गाडी घेऊन ते मंचरला परत निघालेसुद्धा होते.

खरं तर मंजिरीने आता निवांत चहा प्यायला हवा होता. पण एक गोष्ट तिला टोचत होती. ज्यांनी वारू नवी घेतली आणि अजून तीच चालवतात, त्यांच्याकडून सात वर्षांत ब्रेकबद्दल एकही तक्रार आली नव्हती. ती उठून ब्रेकच्या प्रयोगशाळेत गेली. हा ब्रेक ज्यांनी घडवला ते डॉ. भास्कर टिळेकर तिथे पडद्यासमोर बसले होते.

“सर, शून्य तक्रारी मला पटत नाहीत.”

“गाडी चांगली आहे म्हणायला लाज वाटते का गं तुला?”

“मला तुमचा हा ब्रेक, हा पूर्वरोधक, एकदा पहिल्यापासून समजावून सांगा. शाळेतल्या मुलीला सांगाल तसा.”

टिळेकरांना तेवढंच हवं होतं. “माणसाला धोका दिसतो, मग पाय उचलतो, मग ब्रेक दाबला जातो. यात जवळजवळ पाऊण सेकंद जातो. आपल्या सीटमध्ये संवेदक आहेत. मांडीचा स्नायू आवळायला लागला की त्यांना कळतं, आणि पाय पोचायच्या आत पूर्वरोधक ब्रेक लावायला घेतो. किती आधी लावायचा, हे तो मालकाच्या पायावरून शिकतो. पाय सावकाश असेल तर हा जास्त घाई करतो.”

“आणि गाडी विकली की?”

“नव्या मालकाचा पाय चपळ, पण गाडीच्या डोक्यात जुन्याचीच सवय. ती बदलायला वर्षं लागतात. तोवर गाडी उगाच लवकर थांबते. म्हणून तर पुसतोय ना आपण?”

पुसण्याआधी प्रत्येक गाडीच्या स्मृतीची नक्कल ठेवली होती. मंजिरीने आप्पांच्या गाडीचा आलेख पडद्यावर आणला. पहिल्या वर्षी गाडी त्यांच्या पायाच्या जेमतेम एक दशांश सेकंद आधी ब्रेक लावत होती. सातव्या वर्षी सहा दशांश.

“वय होतंय त्यांचं,” टिळेकर म्हणाले.

“ही माझी गाडी, सर. मी चाळिशीची आहे. आलेख तोच.”

टिळेकरांनी चष्मा काढला. “आणि ही शेजारची?”

“ही तुमची.”

तिन्ही रेषा एकसारख्या चढत गेल्या होत्या.

“कपाट उचलताना एकाने जोर वाढवला की दुसऱ्याचा हात आपोआप ढिला पडतो,” मंजिरी म्हणाली. “गाडी घाई करायला लागली म्हणून पाय निवांत झाला. पाय निवांत झाला म्हणून गाडीने आणखी घाई केली. सात वर्षं हेच चाललंय. आणि आज आपण गाडीची स्मृती पुसली. पायाची तशीच राहिली.”

“पण पुसलेल्या गाडीची चाचणी झाली होती!”

“चाचणीला यांत्रिक पाय होता, सर. त्याला सवयी लागत नाहीत.”

टिळेकरांनी फोन उचलला आणि उद्याचं सगळं काम थांबवायला सांगितलं. मंजिरीने तोवर आप्पांना फोन लावला होता.

आप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. एकही अपघात नाही. सुरक्षित सेवेचा बिल्ला ते अजून लग्नाकार्याला शर्टावर लावायचे.

“कुठं आहात, आप्पा?”

“राजगुरुनगर मागं पडलं. आता घाट लागंल. का गं?”

“गाडी कशी चाललीय?”

“गाडीला काय धाड भरलीय! लोकांनाच आज काय झालंय कळंना. जो तो पुढ्यात येऊन अचानक थांबतोय. दोनदा तर थोडक्यात वाचलो.”

“आप्पा, नीट ऐका. वेग तीसवर आणा. पुढे दोन एसटी उभ्या राहतील एवढं अंतर सोडा आणि जागा मिळाली की बाजूला थांबा.”

आप्पा हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे माझा पाय राहिला नाही म्हणतीस?”

तिला रडूच कोसळलं असतं. “पाय तुमचा चांगलाच आहे हो. आमच्या गाडीनं त्याला आळशी केलंय. माझासुद्धा.”

इंडिकेटरची टकटक ऐकू आली. “थांबलो बघ,” आप्पा म्हणाले. “घाटाच्या अलीकडं, रसवंतीपाशी. ये सावकाश.”

टिळेकरांनी सवयीने किल्ली उचलली, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि किल्ली परत ठेवली. आवारात चाळीस गाड्या उभ्या होत्या, सगळ्या पहाटेच पुसलेल्या. ब्रेकमधलं सगळं कळणारे चाळीस जण वर बसले होते, पण त्यांतल्या एकालाही आज गाडी चालवू देण्यात अर्थ नव्हता. टॅक्सी बोलवायला म्हणून मंजिरी खाली धावली आणि स्वागतकक्षात थबकली.

“थिटे, तुमची गाडी अजून पुसली नाही ना?”

“कुठं, म्याडम! मला पुढच्या म्हयन्यातला नंबर दिलाय तुमी लोकांनी.”

“मग चला. तुमच्याइतका चांगला पाय या इमारतीत दुसऱ्या कुणाचा नाही.”

थिट्यांना काही उमगलं नाही, पण मान मिळाला हे कळलं. ते ऐटीत निघाले. चाकण सोडल्यावर एक शेळी रस्त्यात आली. थिट्यांनी पाय हलवला मात्र, गाडी दचकून जागच्या जागी उभी राहिली.

“बघा! ह्येच बोंबलतोय मी पाच म्हयने!”

गाडी थांबली होती, शेळी पलीकडे पोचलीसुद्धा होती, आणि आत्ता कुठे शेजारच्या सीटवर बसलेल्या मंजिरीच्या उजव्या पायाने पुढची चटई करकचून दाबली होती.

तिने वही काढली. परत मागवायच्या यादीत आजवर गाड्यांचे क्रमांक असायचे. तिने माणसांची नावं लिहायला घेतली. आधी आप्पांचं, मग स्वतःचं. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून ती थांबली. बाजारात आलेल्या प्रत्येक जुन्या वारूमागे तिचा एक पहिला मालक होता. तो आता दुसरंच कुठलं तरी वाहन चालवत असणार. त्याची कसलीच तक्रार नसणार.

“थिटे, ही गाडी तुम्हाला कुणी विकली?”

“घोडेगावचे दामूअण्णा पोखरकर. लई भला माणूस,” थिटे म्हणाले. “आता शाळेची बस चालवतात.”