बाटल्या फिरवणारा

ऐकीव गप्पा मी कधी लिहीत नाही. हे माझ्या सख्ख्या आतेभावाच्या, सुदेशदादाच्या बाबतीत घडलंय. तो, त्याची बायको आणि त्याचा मित्र, तिघांच्या तोंडून मी ते स्वतंत्रपणे ऐकलंय. तिघांच्या सांगण्यात तसूभरही फरक नाही.

वर्ष २००१. ऑगस्ट. दुबईतल्या अल कूजमधलं एक गोदाम.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती.

सुदेशदादा वाईन मागवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. बायको रंजिता आणि सहा वर्षांची पर्णिका यांच्यासोबत अजमानला राहायचा. त्या उन्हाळ्यात साहेबांनी त्याला फ्रान्सला नेलं, शॅम्पेन बनवणाऱ्या जुन्या घराण्यांची तळघरं बघायला. जमिनीखाली खडूच्या दगडात खोदलेले लांबच लांब बोगदे. गार, ओले, अंधारे.

गाईड बाईने दाखवलं, पूर्वी इथे बाटल्या हाताने फिरवत. तिरप्या लाकडी स्टँडला भोकं, त्यांत मान खाली करून खोचलेल्या बाटल्या. रोज प्रत्येक बाटली जराशी फिरवायची, म्हणजे आतला गाळ सरकत सरकत बुचापाशी येतो. एकेका माणसाचं अख्खं आयुष्य त्यात जायचं.

एका बोगद्याला दोर बांधून तो बंद केला होता. सुदेशदादा तिथून जाताना आतून आवाज आला...

टक्. टक्.

"अजून कोणी काम करतं का तिथे?" त्याने विचारलं.

"नाही. आता सगळं मशीनवर," बाई म्हणाली आणि झपाझप पुढे गेली.

साहेबांनी त्याच बोगद्यातले जुने स्टँड विकत घेतले. एका हॉटेलातल्या प्रदर्शनात मांडायला. जहाजाने ते अल कूजला आले, कोल्ड रूममध्ये लागले, त्यात शॅम्पेनच्या बाटल्याही खोचल्या गेल्या.

तो शुक्रवार होता. सुट्टीचा वार, पण प्रदर्शन तोंडावर आलेलं. गोदामात दोघंच. सुदेशदादा आणि ड्रायव्हर रफिक. रफिक सावंतवाडीचा, सुदेशदादा कुडाळचा, त्यामुळे दोघांचं बोलणं मालवणीतच चालायचं.

"नमाज पढान येतंय रे. मग खलास करूया काम," म्हणून रफिक गेला.

बाहेर आग ओकणारं ऊन. आत कोल्ड रूममध्ये सुदेशदादा एकटा आणि एसीची घरघर.

अचानक ती घरघर थांबली.

दिवे चालू होते. फक्त आवाज गेला. स्वतःचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता...

टक्.

सुदेशदादा वळला. कोणी नाही.

अशा स्टँडमधल्या बाटल्यांच्या बुडाला चुन्याची एक रेघ ओढतात. बाटली किती फिरली ते कळायला. सकाळी त्याने स्वतः सगळ्या रेघा सरळ वर करून ठेवल्या होत्या.

आता पहिल्या रांगेतल्या सगळ्या रेघा कललेल्या होत्या.

तो बघत असतानाच दुसऱ्या रांगेतली एक बाटली... हळूच फिरली.

मग तिच्या शेजारची.

पळायचं म्हटलं तर पाय उचलेनात. हात मात्र उचलले गेले. त्याचेच हात. ते पुढे झाले आणि दोन बाटल्यांच्या बुडांवर टेकले. कोणीतरी मागून चिकटून उभं होतं. त्याच्या मनगटांवर ओले, थंडगार तळवे होते. दिसत काहीच नव्हतं.

टक्. टक्.

रफिक परतला तेव्हा सुदेशदादा शेवटच्या रांगेशी होता. तळव्यांची सालटं निघालेली, डोळे सताड उघडे.

"सुदेश! अरे काय करतस ह्या?"

रफिकने त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

घरी रंजिताने हातांना हळद लावली. "कार्टन उतरवताना खरचटलं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर निघणार, तोच किचनमधून रंजिताची हाक आली.

पर्णिका फरशीवर बसली होती. समोर फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने आडव्या मांडलेल्या. एकेक बाटली ती जराशी फिरवत होती. दोन्ही हातांनी. सफाईने.

"पर्णी, काय खेळतेस गं?" रंजिताने विचारलं.

"शू... मम्मी, ही सेज स्लोली."

"कोण?"

"ही इज होल्डिंग माय हँड्स."

रंजिताने तिचे हात धरले आणि किंचाळली. बर्फासारखे गार होते.

आता मात्र सुदेशदादा ढसाढसा रडला. मग उठला. सुपरमार्केटमधून नारळ घेतला आणि रफिकला गाठून पर्णिकाचं सगळं सांगितलं. "मी गाऱ्हाणा घालतंय. तू फक्त माझ्या पाठोपाठ ‘व्हय म्हाराजा’ म्हण."

रफिक मुसलमान, पण लहानपणापासून गावातल्या जत्रेत त्याने देवापुढे घातलेली गाऱ्हाणी ऐकलेली. "पोरीसाठी कायपण म्हणतंय," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत गोदाम रिकामं झालं. दोघं कोल्ड रूममध्ये शिरले. सुदेशदादाने स्टँडसमोर नारळ ठेवला, हात जोडले.

"बा म्हाराजा, तू खयचो, कोणाचो, माका ठावक नाय..."

"व्हय म्हाराजा!" रफिक म्हणाला.

"तुझी वस्तू आमी दर्यापार हाडली. चुकी झाली आसात तर पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या चेडवाक सोड. तुका काय व्हया ता माझ्याकडसून घे..."

"व्हय म्हाराजा."

आवाज खोल होता. घोगरा. शब्द नीट न येणाऱ्या माणसाने जुळवून जुळवून म्हणावेत तसा.

सुदेशदादाने रफिककडे पाहिलं. रफिकने तोंडावर हात दाबून धरला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आवाज स्टँडच्या मागून आला होता.

त्या दुपारपासून पर्णिका पुन्हा पहिल्यासारखी झाली. तिला काही आठवतही नाही. स्टँड हॉटेलात गेले, तिथून कुठे गेले कोणास ठाऊक. महिन्याभरात सुदेशदादा नोकरी सोडून कुडाळला आला.

मध्यंतरी मी धीर करून विचारलं, "दादा, मग त्याने काय घेतलं?"

"अजून काय नाय," तो म्हणाला.

मग उठून त्याने अंगणाकडचं दार लावून घेतलं.

"पण कबूल झालोहा तो," तो म्हणाला. "येतलो."