सावळाराम आबांचा शेर

सुलक्षणा रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटीला होती. सुटे भाग मोजायचे, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे. ऐकीव गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण सासऱ्यांच्या पितळी शेराचा विषय निघाला की मान ताठ व्हायची. आबांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात चाळीस वर्षं त्याच मापानं ज्वारी विकली. कडबाकुट्टीत मधलं बोट गेलेल्या उजव्या हातानं प्रत्येकाला मापाच्या काठावर दाण्यांची शीग चढवून दिली.

आबा गेले. शेर माळ्यावर काळवंडण्यापेक्षा जाणत्याच्या घरी जावा, म्हणून तिनं तो मोबाइलवर लिलावाला लावला. बोली चांगली चढली. तेवढ्यात कुणी खाली लिहिलं, ‘बाजारातलं माप. बूड आत ठोकलेलं असणार, कमीच भरणार.’

सुलक्षणाचं डोकंच फिरलं. तिनं लिलाव रद्द केला, भर दुपारी अंगणात नवा फोटो काढला आणि पुन्हा लावला.

फोटोत बुडाशी ज्वारीचे दाणे दिसत होते. तिनं शेर उपडा केला. काही पडलं नाही.

पुन्हा तोच टोमणा आला, पुन्हा तिनं रद्द केलं. आता नव्या फोटोत शेर अर्धा भरलेला. आत हात घातला तर गार पितळ लागलं. मग तिनं पाणी भरून मोजलं. शेर खोटा नव्हताच, उलट दोन चमचे जास्तच मावत होतं. हसूच आलं तिला.

मोबाइलवर सूचना आली: आणखी एकदा रद्द केलंत तर खातं बंद.

सासूबाई, तुळजाबाई, फोटो बघत म्हणाल्या, “ह्यांनी रिकामं माप कवा कुणाला दिलं न्हाई.”

“आत्या, कॅमेऱ्यात बिघाड हाय.”

“व्हय, आसंल.”

तिनं त्याच लिलावात आणखी एक फोटो टाकला. त्यात शीग होती. सुलक्षणानं दोन चमच्यांची गोष्ट खाली लिहिली आणि लिलाव तसाच राहू दिला.

वरवंडच्या जालिंदर मामा नावाच्या गिऱ्हाइकानं शेर घेतला. तिनं स्वतः पुसून रिकामा शेर खोक्यात बांधला. कुरियरवाल्यानं वजन केलं. नुसत्या पितळेचं भरलं.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला.

“ताई, शिगोशीग भरून धाडलात. खोक्यात दाणा सांडलेला न्हाई.”

सुलक्षणानं कुरियरची पावती काढून वजन पुन्हा वाचलं.

“मोजून बघितलं का?” तिनं विचारलं.

“शीग मोडू वाटंना. वर हात दाबल्याला हाय कुणीतरी.”

“कसा हात?”

“उजवा. मधल्या बोटाची जागा तेवढी मोकळी हाय.”

तिची मान आपोआप ताठ झाली.